इंग्लंडमधल्या साइटवर पहिली नोकरी : भाच्याच्या मुलाखतीची तयारी

इंग्लंडमध्ये बांधकामावर पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलांना मी आधी सांगते, सीव्ही पाठवत बसण्यापूर्वी सीएससीएस कार्डाच्या, म्हणजे साइटवर काम करायची पात्रता दाखवणाऱ्या ओळखपत्राच्या, मागे लागा. कायद्याने ते सक्तीचं नाही, पण बहुतेक मोठे कंत्राटदार ते पाहिल्याशिवाय साइटवर कामाला घेत नाहीत. त्यासाठी सीआयटीबी या बांधकाम-प्रशिक्षणाच्या संस्थेची आरोग्य आणि सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. संगणकावर 50 प्रश्न, 45 मिनिटं. पुस्तक आणून नीट वाचलं तर अवघड नाही. मुलाखतीला कार्ड खिशात असलं की या मुलाने आपणहून चौकशी केली आहे, हे न सांगता कळतं.

माझा भाचा कराडचा. बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करून तो असिस्टंट साइट इंजिनिअरच्या जागांसाठी अर्ज करू लागला आणि शनिवार-रविवार माझ्याकडे तयारीला येऊ लागला. मी इथे बरीच वर्षं साइटवर आहे, आता नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायलाही बसते. त्यामुळे समोरचा माणूस काय शोधत असतो ते मला ठाऊक आहे. पदवी तर सगळ्यांकडेच असते. आपल्याला शोधायचा असतो तो असा मुलगा, जो चुकीचं काही दिसलं तर तोंड उघडेल. नव्या पोराने संकोचाने गप्प राहणं साइटवर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

त्याचा सीव्ही पाहिला तर कॉलेज, प्रोजेक्ट, सॉफ्टवेअरची नावं, संपलं. आमचे दाजी, म्हणजे त्याचे वडील, कराडात घरं बांधायची कामं घेतात. हा पोरगा दहावीपासून सुट्टीत त्यांच्यासोबत साइटवर असायचा. त्यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं.

"मावशी, ते काय लिहायचं? घरचंच काम होतं."

"घरचं असलं तरी कामच ना ते! लाइनआउटला दोरी कोण धरायचं? गुण्या कोण तपासायचं?"

"मीच. तीन-चार-पाच लावून."

तीन, चार, पाच मापांच्या त्रिकोणाने कोपरा काटकोनात आहे का ते बघतात, तेच हे. मग ते सगळं सीव्हीत घातलं. वडिलांचा छोटा व्यवसाय, कामाचा काळ, याने स्वतः काय केलं, साध्या वाक्यांत. आपल्याकडच्या कितीतरी मुलांकडे हा अनुभव असतो आणि शिक्षण झालं की ती तो लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. घमेली उचलणाऱ्या, सळ्या बांधणाऱ्या माणसांमध्ये वाढलेल्या मुलाला साइटची जाण असते. ती इथल्या कुठल्याही मॅनेजरला हवीच असते.

इथे जवळजवळ हमखास एक प्रश्न येतो : तुम्हाला काहीतरी चुकीचं दिसलं आणि तुम्ही बोललात, असा एखादा प्रसंग सांगा. भाच्याने आधी कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमधलं काहीतरी सांगितलं. ऐकायला बरं होतं, पण त्यात तो स्वतः कुठेच नव्हता, सगळं सगळ्यांनी मिळून केलेलं. मी म्हटलं, दाजींच्या साइटवरचं आठव.

त्याला एका स्लॅबचा दिवस आठवला. मिक्सर सुरू झालेला, टोळी उभी, नारळ फोडून झालेला. हा जाळीवरून चालत गेला तर एका कोपऱ्यात सळ्या प्लायपासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉकच नव्हते, सळ्या थेट प्लायवर टेकलेल्या. तसंच काँक्रीट पडलं असतं तर सळईखाली कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, राहिलं नसतं आणि काही पावसाळ्यांत गंज धरून खालून पोपडे सुटले असते. तो मिस्त्रींना म्हणाला, "मामा, जरा थांबवा." मिस्त्री वैतागले, टोळीचा मुकादमही वैतागला. याने जाऊन दाजींना बोलावून आणलं, जाळी उचलून ब्लॉक सरकवले आणि मग स्लॅब पडला.

"हेच सांगायचं," मी म्हटलं. कुठे होतास, काय दिसलं, तू काय केलंस, पुढे काय झालं. कव्हर किती हवं होतं, तो आकडाही सांगायचा. मिस्त्री चिडले होते हेही सांगायचं, कारण चिडलेल्या माणसासमोर तू टिकलास, हे त्याशिवाय कळत नाही.

उंचीवरच्या कामाचा प्रश्नही येतोच. इथल्या बांधकामांवर सर्वाधिक मृत्यू उंचीवरून पडून होतात. भाचा पाठ केल्यासारखं म्हणाला, "दोन मीटरच्या वर असेल तर हार्नेस." म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा-पट्टा. इथे 2005 च्या नियमांत उंचीची अशी किमान मर्यादाच नाही. पडून दुखापत होऊ शकेल अशी कुठलीही उंची नियमात बसते. शिवाय हार्नेसचा नंबर शेवटी लागतो. वर न चढता काम होईल का, हे आधी बघायचं. नाही झालं तर पक्की परांची आणि कठडे. त्यातूनही उरलेल्या धोक्यासाठी हार्नेस. परांची वापरण्याआधी, नंतर किमान दर सात दिवसांनी आणि वादळवाऱ्यानंतर जाणकार माणसाने तपासलेली हवी, हेही माहीत पाहिजे. हे मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, आणि मुलाखतीपेक्षा साइटवर त्याला ते जास्त लागेल हे माझ्या मनात होतं.

बाकी तांत्रिक गोष्टी कराडात शिकलेल्याच आहेत, फक्त लिहायची पद्धत वेगळी. आपलं एम 30 काँक्रीट इथे सी 25/30 म्हणून येतं, पहिला आकडा सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्याच्या ताकदीचा, दुसरा क्यूबच्या. ड्रॉइंगवर सळईच्या खुणेला टीऐवजी एच हे अक्षर असतं. ड्रॉइंग हातात दिलं तर आधी रिव्हिजन, म्हणजे ते कितवी आवृत्ती आहे, ते बघायचं : पीने सुरू होणारी अजून कच्ची, सीने सुरू होणारी कामासाठी पक्की.

लेव्हलचं, म्हणजे जागेची उंची काढायचं, गणित मात्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून कागदावरच करून घेतलं, कारण काही कंपन्या मुलाखतीतच ते सोडवायला देतात. बेंचमार्क (उंची माहीत असलेली खूण) 100.000, तिथे धरलेल्या पट्टीवरचं वाचन, म्हणजे बॅकसाइट, 1.435, म्हणजे यंत्राची उंची 101.435. नव्या जागेवरच्या पट्टीचं वाचन, म्हणजे फोरसाइट, 1.210 आली तर तिथली लेव्हल 100.225. शेवटी पुन्हा बेंचमार्कवर येऊन गणित बंद करायचं. डिप्लोमाला डंपी लेव्हलच्या यंत्रावर शिकवतात तेच हे. उत्तर आलं की मुलं पेन खाली ठेवतात आणि पडताळा राहतो. पडताळा आपणहून घेणारा मुलगा मी लगेच पसंत करते.

ड्रॉइंग आणि जागेवरचं माप जुळत नसेल तर काय करशील, यावर तो म्हणाला, "ॲडजस्ट करेन." आपल्या साइटवर हा शब्द दिवसभर कानावर पडतो. इथे ज्युनिअरने परस्पर ॲडजस्ट करायचं नसतं. काम थांबवायचं, सीनिअर इंजिनिअरला सांगायचं, डिझायनरला लेखी प्रश्न जातो, त्याला आरएफआय म्हणतात, आणि उत्तर आल्यावरच पुढे. एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं आणि कोणाला विचारेन तेही सांगावं. यात कमीपणा नाही.

व्हिसाचा विषय निघाला तर गोलमाल बोलू नये. शिक्षणानंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा कधी संपतो आणि पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, हे सरळ सांगावं. काम करण्याचा हक्क कंपनीला तपासावाच लागतो. त्यासाठीचा शेअर कोड आदल्या रात्री काढून ठेवावा.

मुलाखतीत कव्हर ब्लॉकचा प्रसंग त्याला सांगता आला. समोरच्या मॅनेजरने त्यावरच पुढचे प्रश्न विचारले : कव्हर किती होतं, वडील काय म्हणाले, पुढच्या स्लॅबला काय बदललं? पुढच्या स्लॅबपासून टोळी बोलवायच्या आधी जाळी तपासायचं काम दाजींनी यालाच दिलं होतं. हे मलाही ठाऊक नव्हतं, त्याने तिथे सांगितलं.

नोकरी मिळाली. कॉव्हेंट्रीजवळ घरांचं काम आहे, सध्या तो सीनिअरच्या हाताखाली ड्रेनेजच्या लाइनी आखतो. सकाळी साडेसातला गेटवर असतो. दाजी रोज फोन करून आज कुठवर खोदाई झाली ते विचारतात.