खवट कोंडा आणि धष्टपुष्ट पिल्लू

डुकरांच्या कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट पिल्लू मरतं, तेव्हा दोष दाण्याचा असू शकतो हे मालकाला पटतच नाही. 'डॉक्टरसाहेब, काल संध्याकाळी बराबर खाल्लं त्यानं, सकाळी पायतो त आडवं! काऊन मेलं असंन?' असा फोन साकोलीकडच्या एका पोराचा आला. मी डॉक्टर नाही, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहे, पण आमच्या भंडारा जिल्ह्यात हा फरक कोणी मानत नाही.

त्याला आधी आठवला आफ्रिकन स्वाइन फीवर, डुकरांचा जीवघेणा साथीचा ताप. २०२० साली तो आसाम-अरुणाचलात आला तेव्हापासून डुक्कर मेलं की हीच धास्ती, आणि ती रास्तही आहे. म्हणून मेलेलं जनावर आपल्या हातानं फाडू नको, तालुक्याच्या डॉक्टरांना बोलाव, असं बजावलं. बाकीच्या पिल्लांना ताप नव्हता. नमुने गेले, रोगाचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी उघडलं तेव्हा हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी साचलेलं आणि हृदयावर रक्ताचे लालकाळे पट्टे, पिकल्या तुतीसारखे. इंग्रजीत या रोगाला नावच मलबेरी हार्ट आहे. दूध तोडल्यावर झपाट्यानं वाढणाऱ्या पिल्लांना तो गाठतो. कारण बहुतेकदा ई जीवनसत्त्व किंवा सेलेनियमची कमतरता.

मी गेलो ते थेट कोंड्याच्या पोत्यांकडे. राइस मिलमधून स्वस्तात उचललेला, पावसाळाभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेला. मूठभर नाकाशी धरला तर तेलाचा उग्र वास. तांदळाच्या कोंड्यात तेल भरपूर असतं. धान भरडलं की त्यातलं विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम सुरू करतं, आणि हवेनं तेल खवटत जातं. उकड्या तांदळाच्या कोंड्यात हे विकर वाफेनं मरतं, पण हवा त्यालाही सोडत नाही. खवटलेलं तेल दाण्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, वर शरीराची त्याची गरजही वाढवतं. ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणातल्या चरबीला सडू देत नाही. सेलेनियम ज्या विकरात असतं ते विकर, चरबी सडताना तयार झालेलं पेरॉक्साइड हे घातक रसायन मोडतं. दोन्ही कमी पडले की हृदय, यकृत, स्नायू यांवर घाला येतो. पोरगा वर हॉटेलातलं उरलेलं तळणही घालत होता! ते मी लगेच बंद करायला लावलं, स्वाइन फीवरच्या भीतीनंही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पिल्लांना लोहाचं इंजेक्शन देतात. आईच्या अंगात ई कमी असेल तर तेच इंजेक्शन पिल्लांना विषासारखं बाधू शकतं, कारण गर्भात ई फारसं पोचत नाही, ते चिकातून मिळतं. म्हणजे खवट कोंडा गाभण मादीच्या पुढ्यात तर मुळीच नको.

डॉक्टरांनी उरलेल्या पिल्लांना ई-सेलेनियम टोचलं. ताजा कोंडा थोडा थोडा आणायचा, नाहीतर तेल काढलेला घ्यायचा. लसूणघास, शेवग्याचा पाला हिरवाच द्यायचा. पोरानं उत्साहात सेलेनियमवाल्या खनिज मिश्रणाची दोन वेगवेगळी पाकिटं आणून ठेवली होती, त्यातलं एक परत पाठवलं. किलोभर खाद्यात सेलेनियम ०.३ मिलिग्रॅमपर्यंत पुरतं; ५ मिलिग्रॅमच्या पुढे केस गळतात, खूर तडकतात, मागचे पाय लुळे पडतात.