निदानापासून दप्तरापर्यंत : एडीएचडीचा माझा अनुभव

मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, असावा अशी शंका आली की पुण्यात पहिला प्रश्न पडतो तो कोणाकडे जायचं हा. शाळेच्या समुपदेशक म्हणतात, एकदा दाखवून घ्या. शेजारच्या काकू म्हणतात, मुलगेच ते, दंगा करणारच. आमचा मुलगा चौथीत असताना आम्ही या वाटेला लागलो, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या बाबांचीही तपासणी झाली. त्यातलं दुसऱ्या आईबाबांना उपयोगी पडेल तेवढं लिहिते.

निदान करतात ते मानसोपचारतज्ज्ञ, मुलांच्या विकासाचं प्रशिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. औषध फक्त डॉक्टर लिहून देतात. एडीएचडी कोच, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणारा, यातलं काहीच करू शकत नाही. करतो म्हणाला तर उठून यावं. रास्ता पेठेतलं केईएम, ससूनचा मानसोपचार विभाग, सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका ही नावं पुण्यात बहुतेकांच्या कानावर असतात, आणि खासगी दवाखाने कोथरूडपासून वाकडपर्यंत आहेत. कुठेही गेलात तरी सायकॉलॉजिस्टची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. ज्यांच्याकडे नोंदणी असते त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

एडीएचडी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनही नाही. डॉक्टर डोळे, कान, थायरॉइड, रक्तातलं लोह तपासायला सांगतात, झोपेत घोरतो का विचारतात, ते दुसरं कारण नाही ना हे पाहण्यासाठी. निदान होतं ते माहितीवरून. लक्ष न टिकण्याची ९ लक्षणं आणि अतिचंचलपणा-उतावीळपणाची ९ लक्षणं अशी यादी आहे. त्यातल्या कुठल्याही एका गटातली किमान ६ लक्षणं, सहा महिन्यांहून जास्त काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची हवी. वयाची १७ वर्षं पूर्ण झाली की ५ लक्षणं पुरतात. म्हणून पहिल्या भेटीला जाताना बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं बरोबर घ्या. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वह्या अपूर्ण', 'फार बोलतो' असे शेरे तीन वेगवेगळ्या बाईंनी तीन वेगवेगळ्या वर्षी दिलेले असतील तर डॉक्टरांना त्याहून चांगला पुरावा मिळत नाही. वर्गपाठाच्या दोन-तीन वह्याही घ्या. पहिलं पान सुवाच्य आणि दहाव्या पानावर अर्धं वाक्य सोडून दिलेलं, हे तोंडी सांगून पटत नाही.

मग फॉर्म येतात. आम्हाला व्हँडरबिल्ट नावाच्या प्रश्नावलीचे मिळाले : पालकांसाठी ५५ प्रश्न, शिक्षकांसाठी ४३. वागणुकीच्या प्रश्नांना कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी अशी चार उत्तरं असतात आणि शेवटची दोनच लक्षण म्हणून धरतात. घोळ होतो तो इथे. आई 'नेहमी' म्हणते, आजी शेजारून 'छे, एवढं काही नाही' म्हणते, आणि मधलं काहीतरी भरलं जातं. आई आणि बाबा दोघांनी वेगवेगळे भरावेत, एकमेकांचे न बघता. दोघांच्या उत्तरांत फरक पडला तर बिघडत नाही. संध्याकाळी अभ्यासाला कोण बसतं, हे त्यातून डॉक्टरांना बरोबर कळतं. शिक्षकांचा फॉर्म जूनमध्ये देऊ नका. नव्या वर्गशिक्षिकेला मुलगा धड ओळखीचाही झालेला नसतो, ती सगळीकडे 'कधी कधी' करते. पहिली घटक चाचणी झाली की द्यावा. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी फॉर्म पाठवला तर तो दप्तरात आठवडाभर फिरून परत येतो. त्यापेक्षा बाईंची वेळ मागावी, प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तर त्यांच्या हाताने टिक करून घ्यावं.

बिने-कामत किंवा मालिन यांची बुद्धिमापन चाचणीही सांगतात. एडीएचडी तिने ठरत नाही. अभ्यासातल्या अडचणीचं मूळ दुसरीकडे, उदाहरणार्थ वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेत आहे का, हे पाहायला ती लागते. दोन्ही एकत्र असणं बरंच आढळतं. चाचणी घेणारे कधी सांगतात, 'इथे तर दीड तास मस्त बसला की!' त्याने हुरळूनही जायचं नाही आणि शंकाही घ्यायची नाही. नवी खोली, समोर एकच माणूस, दर पाच मिनिटांनी नवं कोडं अशा वेळी यातली बरीच मुलं बसतात. अडतं ते ओळखीच्या, कंटाळवाण्या, लांबलचक कामाला.

कागदपत्रांचं एक आधीच सांगते, कारण त्यात लोकांचा बराच वेळ जातो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. अध्ययन अक्षमताही असेल तर त्याचं प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेतून काढावं लागतं, त्यावर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. हे काम दहावीच्या वर्षावर ढकलू नये. नुसता एडीएचडी असेल तर निदानाच्या अहवालावर शाळा आपल्या पातळीवर जे देईल ते : पुढचा बाक, खिडकीपासून लांब, लांबलचक प्रश्नपत्रिका दोन भागांत.

औषधावरून घरात वाद होतात, आमच्याकडेही झाले. मिथाइलफेनिडेट हे यातलं मुख्य औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपतो. त्यासाठीचा वेगळा परवाना नसेल तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ते ठेवूच शकत नाही. म्हणून गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी फोन करून विचारायचं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास, दीर्घकाळच्या गोळीचा शाळेच्या वेळेपुरता राहतो. भूक मरते, डबा तसाच परत येतो. त्यावर उपाय म्हणजे गोळीआधी पोटभर नाश्ता, पोळीला तूप, आणि असर उतरल्यावर संध्याकाळी नीट जेवण. उंची, वजन, नाडी, रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यावेत. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध पूर्ण लागू पडायला चार ते सहा आठवडे घेतं, दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून ते सोडणाऱ्यांची संख्या कमी नाही. रविवारी गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, आजोबांना विचारून नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांना प्रशिक्षण आणि वागणुकीवर काम, गोळी नंतर, असा क्रम आहे.

गोळीने मुलगा बाकावर बसतो. दप्तर मात्र ती भरत नाही. तिथून कोचिंग सुरू होतं, आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. यात उपदेशाला काही किंमत नाही. काय करायचं हे मुलाला माहीत असतंच. ते त्या जागी, त्या क्षणी होत नाही. म्हणून आठवणही त्याच जागी हवी. आमच्या कोचने पहिल्यांदा दप्तर मागून घेतलं आणि पलंगावर उपडं केलं. निघालं ते असं : कालचा डबा, दोन वर्षांपूर्वीची वही, तीन खोडरबर, गोळा झालेली सूचनापत्रं, आणि आजच्या तासिकांपैकी फक्त मराठी. 'ताई, याला दप्तर भर म्हणू नका,' त्या म्हणाल्या, 'वेळापत्रक झाकणाच्या आत चिकटवा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून एकेक वही आत टाकू दे.' वेळ ठरली रात्रीच्या जेवणाआधीची, सकाळची नव्हे. विषयाला एक रंग, वहीला आणि पुस्तकाला त्याच रंगाचं कव्हर. सूचनापत्रांना एकच प्लास्टिकचं फोल्डर. भरलेलं दप्तर चपलांच्या स्टँडला टेकवून, म्हणजे ते ओलांडल्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. मी शेजारी उभी राहायचे, हात न लावता. हात लावायचा मोह फार होतो, कारण आपण दोन मिनिटांत भरतो आणि तो वीस लावतो.

शाळेसाठी रोजचं कार्ड. पोस्टकार्डाएवढं, त्यावर तीनच ओळी : सांगितल्यावर दोन मिनिटांत वही उघडली, न विचारता जागेवरून उठला नाही, फळ्यावरचा गृहपाठ उतरवला. दिवसाचे तीन भाग, म्हणजे नऊ चौकोन. बाई म्हणाल्या, 'अहो, पन्नासच्या वर मुलं आहेत माझ्याकडे.' म्हणून लिहायचं काही नाही, फक्त टिक, आणि कार्ड त्यांच्यापर्यंत मुलानेच न्यायचं. 'चांगला वागला' असली ओळ घालू नये, ती मोजता येत नाही. सुरुवातीला नऊपैकी सहा टिकांना बक्षीस ठेवलं, कारण पहिल्या आठवड्यात जिंकता आलं नाही तर कार्ड बाकाखाली जातं. बक्षीस त्याच संध्याकाळी. शनिवारी सायकल आणू, हे यातल्या मुलांना पुढच्या जन्मीचं वाटतं. अर्धा तास जास्त खेळणं, जेवणाचा बेत त्याने ठरवणं, एवढं पुरतं. मिळालेली टिक रागाच्या भरात काढून घ्यायची नाही. कार्ड हरवलं तर शून्य, पण आरडाओरडा नाही, उद्या नवं. बदली शिक्षक आले की कार्ड कोरं येतं, त्या दिवसाचा हिशेब सोडून द्यायचा. आणि दोन-तीन आठवड्यांत बक्षिसाची गोडी उतरते, तेव्हा पद्धत फसली असं न समजता बक्षीस बदलायचं.

गृहपाठ दहा-बारा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये तीन मिनिटं उठायला मोकळीक. घड्याळ असं हवं की उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल; मोबाइलचा टायमर नको, कारण त्या निमित्ताने मोबाइल हातात येतो.

बाबांचं. एडीएचडी घराण्यात चालतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात मानला जातो, म्हणून डॉक्टर आईबाबांकडेही वळून बघतातच. मोठ्यांसाठी १८ प्रश्नांची एएसआरएस चाळणी आहे. पहिले सहा प्रश्न जास्त बोलके. पण ती नुसती चाळणी, निदान नव्हे, आणि लहानपणची हकिगत सांगायला आजी लागते. मोठ्यांत पळापळ दिसत नाही, दिसतात ती उशिरा भरलेली बिलं, अर्ध्यावरची कामं, आणि 'हे काय, निघतोच आहे'. कोचिंगमध्ये पहिलं काम वेळेच्या अंदाजाचं होतं : करण्याआधी अंदाज लिहायचा, झाल्यावर प्रत्यक्ष. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला नऊला पोचायचं तर अलार्म नऊचा किंवा आठचा नाही, बूट घालायच्या वेळेचा लागतो. विजेचं बिल, हप्ते ऑटोपेवर. किल्ली, पाकीट, हेल्मेट दाराजवळच्या एकाच खुंटीवर. कंटाळवाणं काम करताना कुणीतरी नुसतं शेजारी बसावं, गप्पा न मारता. व्हिडिओ कॉलवरही चालतं. दुचाकी चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : एडीएचडीत अपघाताचा धोका वाढतो. मोबाइल डिकीत, खिशात नाही.

कोच निवडताना एवढं पाहावं. भारतात या कामाला कुठली नोंदणी लागत नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतं. दोन भेटींमध्ये छोटा फोन किंवा मेसेज असतो का? आठवड्यातून एकदा तास-दीड तास बोलून मधल्या सहा दिवसांत काही नसेल तर फारसं हाती लागत नाही. 'बरा करून देतो', 'गोळी बंद करा' म्हणणारा नको. दुःख, चिंता, झोप उडणं असेल तर तो विषय सायकॉलॉजिस्टचा, आणि चांगला कोच स्वतःहून तिकडे पाठवतो.

जूनमध्ये बाई बदलतात आणि सगळं पुन्हा सांगावं लागतं. त्यासाठी आम्ही एक पान करून ठेवलंय. वर त्याला काय छान येतं, दोन ओळी. मग काय अडतं, तीन. मग गेल्या वर्षी काय चाललं : पुढचा बाक, सूचना एका वेळी एकच, फळा पुसायचं काम त्याला. खाली गोळीची वेळ आणि आमचा नंबर. निदानाची पूर्ण फाइल बाईंना देत नाही, ती वाचायला कुणाला वेळ नसतो. पान पहिल्या आठवड्यातच हातात द्यायचं, आणि कार्डांचा नवा गठ्ठा त्याच्यासोबत.