निळ्या छताचा माग

दोन वर्षांपूर्वी मी निळ्या छताचं एक बाहुलीघर विकत घेतलं. मोरित्झ गॉटशाल्क या जर्मन खेळणीवाल्याच्या कारखान्यातलं, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. घरी आणून चिमणीच्या बुडाशी भिंग लावलं, तर टवका उडालेल्या जागी निळ्याखाली लाल रंग! या कारखान्याची जुनी घरं निळ्या छताची; लाल छतं आली ती महायुद्धाच्या आगेमागे. निळ्यांना मागणी जास्त, म्हणून कुणीतरी लाल छत रंगवून घराचं वय वाढवलं होतं. पुढे ते मी सगळं खरं सांगून विकलं आणि नुकसान सोसलं. पण राग बरेच दिवस गेला नाही. अस्सल माल पुरेसा बघितल्याशिवाय पुढची खरेदी करायची नाही, हे तेव्हाच ठरवलं. यंदाच्या मे महिन्यातला प्रवास त्यासाठीच होता.

पहिला मुक्काम ॲमस्टरडॅम. रायक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमनचं बाहुलीघर आहे, 1686 ते 1710 या काळात सजवलेलं. कासवाच्या कवचाचं आणि कथलाचं जडावकाम केलेलं भलंमोठं कपाट, आणि त्यात खोल्या. चिनी मातीची चिमुकली भांडी तिने खास चीनमधून करवून घेतली होती. एकूण खर्च वीस ते तीस हजार गिल्डर. तेवढ्यात त्या काळी कालव्याकाठी खरंखुरं घर मिळायचं. लहान मुलींच्या हाती द्यायची ही वस्तूच नव्हे. मी स्वयंपाकघरासमोर तासभर उभी होते. खुर्ची, कपाट, बशी, सगळं एकाच मापात. कुठेही नजर अडखळत नाही. नंतर कुणीतरी भर घातलेलं सामान ओळखायचं असेल, तर आधी असं मापात बसलेलं घर डोळे भरून बघावं.

न्यूर्नबर्गला जर्मानिशेस नॅशनलम्युझियममध्ये 1639 सालचं श्ट्रोमर घर बघितलं. माणसापेक्षा उंच! याच शहराच्या नावाने ओळखली जाणारी एका खोलीची खेळण्यातली स्वयंपाकघरंही असतात, म्हणजे आपली भातुकलीच, फक्त तीन भिंतींच्या आत मांडलेली. त्यांच्यापुढून माझा पाय निघेना.

पण मी तिथे मे महिनाच गाठला होता तो ट्रेम्पेलमार्क्टसाठी. जुन्या शहराच्या रस्त्यांवर वर्षातून दोनदा भरणारा हा जुन्या वस्तूंचा बाजार. दुसऱ्या दिवशी दुपारी एका टेबलाखाली निळं छत दिसलं. छाती धडधडली, पण हात आवरला. आधी परवानगी घेऊन घर उलटं केलं. बाहुलीघराची खरी जन्मपत्रिका तळाला आणि पाठीला असते. दर्शनी भाग कुणीही सजवतं. तळाच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेला पुसट आकडा होता. गॉटशाल्कच्या घरांवर असे मॉडेल क्रमांक सापडतात आणि जुन्या कॅटलॉगच्या पुनर्मुद्रणांत ते ताडून बघता येतात. स्क्रू एका खाचेचे. फुलीच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू 1930च्या दशकातले. तसला एखादा दिसला की निदान तेवढी दुरुस्ती तरी नंतरची. मग छताच्या कोपऱ्यातला टवका बघितला. निळ्याखाली थेट लाकूड होतं.

शेवटी खिशातला अतिनील टॉर्च काढला आणि ओढणीच्या आडोशाने अंधार करून आत प्रकाश टाकला. डाव्या खोलीच्या भिंतीवरचा कागद शांत राहिला. उजव्या खोलीचा मात्र निळसर पांढरा चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास वापरात आली. म्हणजे ही भिंत नंतर कुणीतरी नव्याने मढवली होती. विकणाऱ्या आजींना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या आईने लावला असेल." घर त्यांच्याच घरातलं होतं. घासाघीस करावीशी वाटली नाही.

मग केम्निट्झहून बसने गॉटशाल्कच्या कारखान्याच्या गावी, मारीएनबर्गला, घर मांडीवर घेऊन. 1521 साली वसवलेलं हे गाव एर्झगेबिर्गच्या डोंगरात आहे, मधोमध चौकोनी बाजारचौक. या डोंगरातल्या खाणी ओसरल्या तशी माणसं लाकूडकामाकडे, खेळण्यांकडे वळली. गॉटशाल्क मुळात पुस्तकबांधणी करणारा. हे कळल्यावर त्याच्या घरांच्या भिंतींकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले, कारण विटा, दगड, नक्षी हे बहुतेक सगळं लाकडावर डकवलेल्या छापील कागदाचं आहे. म्हणून तर असं घर ओल्या फडक्याने पुसलं, की संपलंच. त्यावर नवा रंग चढवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, नका हो! मळलेला मूळ कागद खऱ्या संग्राहकाला चकचकीत दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

रात्री खोलीवर विक्रीचं टिपण लिहायला बसले. कारखान्याचं नाव ठामपणे लिहायचं ते आकडा कॅटलॉगशी जुळल्यावरच. तोवर 'गॉटशाल्क धाटणीचं' एवढंच. फोटो आधी तळाचे, मग पाठीचे, दर्शनी भागाचे शेवटी. सोबत मिळालेल्या दोन खुर्च्या दारापेक्षा उंच, म्हणून त्या वेगळ्या विकायच्या. आणि उजव्या खोलीचा कागद नंतरचा, हे पहिल्याच ओळीत.

तो कागद मी काढलेला नाही. खिडकीच्या चौकटीमागे मूळ कागदाची एक पट्टी अजून शाबूत आहे, पिवळट, बोटभर रुंद, तिच्यावर हिरव्या वेलीचं एकच पान. तिचा फोटोही काढून ठेवलाय.