सव्वीस तासांचं जेवण

शनिवार, रात्री दीड

आज परत 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' लावला. नाव ऐकूनच घरातले पांगले, त्यामुळे निवांत बघता आला. टोबी हूपरचा १९७४ चा हा सिनेमा म्हणजे नुसते रक्ताचे पाट, असं तो न बघितलेलेच जास्त छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात रक्त अगदीच बेताचं. पोरीला आकड्याला टांगतात, तिथेही आकडा अंगात शिरताना दिसत नाही. ती किंचाळते, बाकीचं आपलं डोकं करतं. हूपरला तर आशा होती की एवढं आवरतं घेतल्यावर पीजी प्रमाणपत्र मिळेल, म्हणजे पोरांनाही बघता येईल. मिळालं आर, म्हणजे मोठ्यांसाठीचं. भाबडाच म्हणायचा.

आज माझं लक्ष सिनेमातल्या नरभक्षक कुटुंबाच्या त्या जेवणाच्या टेबलावरून हललंच नाही. १९७३ चा उन्हाळा, टेक्सासमधलं राउंड रॉक, जुनाट लाकडी घर. रात्रीचा प्रसंग दिवसा घ्यायचा म्हणून खिडक्या झाकलेल्या. आत दिवे तापलेले, टेबलावरचं मांस नासलेलं, हाडं खरी. आजोबा झालेला जॉन डुगन विशीतला पोरगा. तो सुरकुत्यांचा मेकअप पुन्हा चढवून घ्यायला तयार होईना, मग काय, सलग सव्वीसेक तास काम. लेदरफेस, म्हणजे माणसाच्या कातड्याचा मुखवटा घालणारा खुनी, झालेल्या गुन्नार हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड. तो आठवडेच्या आठवडे धुतलाच नाही, त्यामुळे जेवताना त्याच्या जवळपास कुणी फिरकेना. नायिका झालेल्या मॅरिलिन बर्न्सचं बोट कापायच्या वेळी नकली रक्ताची नळी तुंबली, तर गड्याने सरळ खरंच कापलं!

हे किस्से चाहते मिटक्या मारत सांगतात. कमी पैशात केवढं काम, म्हणे. मला नाही पटत. वाचलेला प्रत्येक डॉलर कुणाच्या तरी अंगावर निघालाय, आणि सिनेमा तुफान चालूनही या मंडळींच्या हाती चिल्लरच आली. शेवटी ट्रकच्या मागे बसलेली बर्न्स हसते-रडते, तो नुसता अभिनय वाटत नाही.

ब्रिटनमध्ये याला १९९९ पर्यंत प्रमाणपत्र नव्हतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मात्र तो संग्रहात ठेवलाय. ते घर उचलून किंग्सलँडला नेलं, तिथे हॉटेल निघालं. बॅस्ट्रॉपजवळच्या सिनेमातल्या पेट्रोलपंपावर आता बार्बेक्यू मिळतं. सिनेमात तिथे कसलं मांस विकतात ते ठाऊक असूनही लोक लांबून येऊन चवीने खातात. कधी गेलोच तिकडे, तर मीही खाईन म्हणा.