उसाच्या फडातले नोड आणि बॅटरीचा हिशेब

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या एम.टेक.साठी मी बिनतारी सेन्सर जाळ्यांतील ऊर्जाबचत आणि कामांची वाटणी हा विषय घेतला आणि प्रयोगासाठी निपाणीजवळ वेदगंगेच्या पट्ट्यातील मामांचा ऊस निवडला. शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच येत असल्यामुळे ओलावा मोजणारे सगळे नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेली छोटी यंत्रे, बॅटरीवर चालवणे भाग होते.

सुरुवात अर्थातच ‘लीच’ या ऊर्जा वाचवणाऱ्या जुन्या पद्धतीपासून झाली. 2000 साली हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी मांडलेल्या या पद्धतीत नोडांचे गट पडतात, प्रत्येक गटाचा प्रमुख इतरांची मोजमापे एकत्र करून बेस स्टेशनला, म्हणजे सगळी माहिती गोळा करणाऱ्या केंद्राला, पाठवतो आणि हे प्रमुखपद फेरीगणिक फिरते. त्यांच्या गणितात रेडिओचे सर्किट एका बिटमागे 50 नॅनोज्यूल घेते, तर अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च बिटमागे 100 पिकोज्यूल (0.1 नॅनोज्यूल) गुणिले मीटरमधल्या अंतराचा वर्ग. म्हणजे 20 मीटरवर एक बिट पाठवायला 90 नॅनोज्यूल लागतात आणि 100 मीटरवर 1,050. अंतर पाचपट, खर्च जवळजवळ बारापट!

काळ्या जमिनीत शेजारच्या सऱ्यांमधला ओलावा फारसा वेगळा नसतो, त्यामुळे कामाची वाटणी सोपी गेली: गटातील एकाने मोजायचे, बाकीच्यांनी रेडिओ बंद ठेवून झोपायचे, आणि पाणी सोडल्यावर ओलावा एकदम वाढलेला दिसला की प्रमुखाने ठरल्या वेळी जागे होणाऱ्या इतरांनाही मोजणीला लावायचे.

खरी अडचण प्रमुख निवडताना आली. मूळ लीचमध्ये पाळी चिठ्ठी टाकल्यासारखी येते. कोणाची बॅटरी किती उरली आहे, याला त्या सूत्रात जागाच नाही. लावण लहान होती तोवर ते खपून गेले. ऊस डोक्यावर गेल्यावर मात्र पाणीदार पाने लहरी शोषू लागली, फडाच्या मध्यावरचे नोड माहितीचे तेच पाकीट (पॅकेट) पुन्हा पुन्हा पाठवून थकू लागले आणि बांधावरचे ठणठणीत राहिले. मामा म्हणाले, “ऊस वर आला की आत फोन बी लागत नाही बघ, तुझी डबडी काय बोलणार?” कागदावरच्या गणितात अंतर होते, पाने नव्हती.

मग मी युनिस आणि फाहमी यांच्या 2004 च्या ‘हीड’ या प्रमुख निवडण्याच्या पद्धतीकडे वळलो. त्यात उरलेल्या ऊर्जेला पहिले महत्त्व असते आणि त्यानंतर शेजाऱ्यांशी संपर्काच्या खर्चाला. पण उरलेली ऊर्जा कळायची कशी? लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसे उतरत नाही, त्यामुळे अर्धी संपलेली बॅटरीही भरल्यासारखी वाटू शकते. म्हणून पाठवलेली पाकिटे, ऐकण्यात गेलेला वेळ आणि झोप यांची खतावणी प्रत्येक नोडलाच ठेवायला लावली. हा भाग कंटाळवाणा होता, पण प्रकल्प तरला तो त्यावरच.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके विचारले, “गट पाडण्यासाठी जे निरोप जातात, त्यांचा खर्च धरलात का?” तो खतावणीत वेगळा मांडलेला होता, आणि प्रत्येक फेरी लांबवण्याचे कारणही तोच खर्च होता: फेरी लांब, तर गट कमी वेळा पाडावे लागतात.