लिस्बनमध्ये पाच-शून्य

पोर्तुगालहून आल्यापासून जो तो विचारतोय, काय काय बघितलंस गे? तर ते आधी उरकून टाकते. सिंत्राचे राजवाडे बघितले, म्हणजे बसमधून जास्त आणि पायी कमी. काबो द रोका, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक, तिथे एवढा वारा की आमच्या गोलकीपरची टोपी अटलांटिकमध्ये गेली. कार्काव्हेलुशच्या बीचवर भर जूनच्या उन्हात पाण्यात पाय घातले आणि सगळ्याजणी किंचाळत परत, गोव्यातल्या मांद्र्याच्या समुद्रात वाढलेल्या पोरीला ते पाणी म्हणजे फ्रीजमधली बाटली. बेन्फिकाचं स्टेडियम बघितलं, बाहेर युसेबिओचा पुतळा आहे त्याच्या पायाशी ग्रुप फोटो काढला. अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसायचं राहिलं, कारण रांग बघूनच सरांनी शिटी मारली. झालं साइटसीइंग.

आमची टीम म्हणजे कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम. तिथे एका युनिव्हर्सिटीच्या टीमशी एक आणि शहराच्या कडेला असलेल्या एका छोट्या क्लबशी दोन अशा फ्रेंडली मॅचेस ठरलेल्या. पैसे जमवायला वर्षभर तांबोला घातला, चर्चच्या फेस्ताच्या फेरीत सरबताचा स्टॉल लावला, दारोदार कुपनं विकली, माझ्या मावशीने गठ्ठाभर कुपनं घेतली आणि एकही नंबर लागला नाही हे ती अजून ऐकवते. विमान मोपाहून, मध्ये गल्फमध्ये अख्खी रात्र बाकड्यावर, मग लिस्बन. हॉस्टेलमध्ये आठ-आठ बेडची खोली आणि केस धुवायला नंबर लावायचा. मी अशा राहण्याला काही बोलत नाही, पण सकाळी सहाला सरांची शिटी वाजायची ती मात्र माफ नाही, तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, झोपणार कधी माणूस?

खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. गोव्याहून आलोय म्हटलं की तिकडच्या माणसाचा चेहराच बदलतो. बेकरीवाली, बसचा ड्रायव्हर, हॉस्टेलच्या काउंटरवरचा पोरगा, सगळे एकदम ‘आऽ गोआ!’ आणि हात छातीवर. पहिल्यांदा खूप बरं वाटलं. परदेशात गेल्यावर आपलं गाव कुणाला माहीत असतं कधी? मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुम्हाला पोर्तुगीज येतं ना? आणि तिसऱ्या वाक्याला नजर आमच्या पाठीवर, जर्सीवरच्या नावाकडे. फर्नांडिस, डायस, परेरा असं लिहिलेलं दिसलं की ती त्यांची चुलत बहीणच. गाल पुढे करून पापी, एक नाता, म्हणजे त्यांचा कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट, फुकट. आणि मी शेटगांवकर. माझ्या पाठीकडे बघून हसायचे, छान हसायचे, पण पुढे काय बोलावं ते त्यांना कळायचं नाही.

यात त्यांची चूक म्हणवत नाही. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते असं आपण सगळेच म्हणतो, पण ती तिसवाडी, बारदेस, सासष्टी या तालुक्यांची गोष्ट. आमचं पेडणं, म्हणजे मांद्र्याचा तालुका, त्यांच्या ताब्यात गेलं ते अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीला, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून आमच्याकडे देवळं आहेत, दशावतार आहे आणि आडनावं अशी लांबलचक आहेत. हे सगळं नाता खाता खाता बेकरीवालीला कोण समजावणार. गंमत म्हणजे आमच्या फर्नांडिसला पोर्तुगीजचं एक अक्षर येत नाही, ती मडगावची, कोंकणी आणि इंग्लिश बास. येत होतं ते फोंड्याच्या नाईकला, कारण शाळेत मार्क चांगले पडतात म्हणून तिने तिसरी भाषा पोर्तुगीज घेतलेली. माझं नाव अमुक आहे, मला दोन भाऊ आहेत, मांजर टेबलाखाली आहे, एवढ्या भांडवलावर ती आमची दुभाषी.

लिस्बनच्या बेलें भागात गेलो त्या दिवशी तर माझं डोकंच फिरलं होतं. नदीकाठी जहाजाच्या आकाराचं एक प्रचंड दगडी स्मारक आहे, 52 मीटर उंच, टोकाला हेन्री राजपुत्र आणि मागे ओळीने खलाशी, पाद्री, नकाशेवाले. आमची गाईड हसरी, गोड बाई, पण आम्ही समोर उभ्या असताना भारताचा शोध, भारताचा शोध असं चाललेलं. मी मोबाईलवर वाचत होते. 1940 च्या प्रदर्शनासाठी हे आधी तात्पुरतं केलेलं, मग पक्कं बांधलं ते 1960 ला. म्हणजे एवढे दगडी वीर उभे केले आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा हातचा गेला! मला ते इतकं गमतीचं वाटलं की मी मोठ्याने हसले आणि आमच्यासोबत आलेल्या कॉलेजच्या मॅडमनी वळून डोळे वटारले. समोरच्या जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, तो मेला आपल्या कोचीला 1524 मध्ये, अस्थी नंतर इकडे आणल्या. आमच्यातल्या दोघी गोव्यातल्या वास्को शहराच्या, त्यांनी कबरीसमोर सेल्फी काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, ‘वास्कोंत पावलीं’, वास्कोला पोचलो. शेजारीच 1837 पासून चालू असलेलं ते नात्यांचं दुकान, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून खायचे. चांगले आहेत. पण तिथल्या रांगेत उभं राहायला चाळीस मिनिटं आणि मठ बघायला वीस, हा आमच्या सरांचा हिशोब, यावर मी बोलणार नाही.

युनिव्हर्सिटीच्या टीमने आम्हाला पाच-शून्य धुतलं. कृत्रिम टर्फ, बुटात काळे रबरी दाणे, बॉल टप्पा घेऊन भलतीकडेच, आम्ही लाल मातीत प्रॅक्टिस केलेल्या. कारणं द्यायला बरी आहेत, पण त्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, दुप्पट पळत होत्या. मॅचनंतर त्यांचे कोच अगदी प्रेमाने म्हणाले, फुटबॉल तुमच्याकडे आमच्यामुळे आला ना, एकच कुटुंब आपलं. तेव्हा आमचे सर, जे एरवी शिटीशिवाय काही बोलत नाहीत, ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, नो सर, आमच्याकडे फुटबॉल आणला फादर विल्यम रॉबर्ट लायन्सनी, 1883 साली, शिवोलीला, आणि ते ब्रिटिश पाद्री होते. पाच गोल खाल्ल्याचं दुःख माझं तिथेच निम्मं गेलं.

मग ती क्लबची मॅच. छोटंसं ग्राउंड, बाजूला चार पायऱ्यांची गॅलरी, वाड्यावरची पन्नास-साठ माणसं, कुत्री, पोरं. आणि माइकवर एक म्हातारे काका, अंगात क्लबचं जॅकेट, हातात आमच्या टीमची यादी. आम्ही ओळीने उभ्या. त्यांनी काय थाटात सुरुवात केली, ‘फर्नांऽदिश!’ टाळ्या. ‘दीअऽश!’ टाळ्या. ‘परेऽइरा!’ एक आजीबाई उभ्या राहून टाळ्या. मग माझं नाव आलं. काका थांबले. कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला. मग माइकवर नुसतं, ‘नूमरु ओंझ.’ अकरा नंबर. त्यानंतर नाईकचा नंबर, गावसचा नंबर, पर्येकरचा नंबर. नाईकमध्ये काय अवघड आहे हो? चार अक्षरं पण नाहीत. टाळ्या आम्हालाही पडल्या, नाही असं नाही, पण पाच जणींना नाव आणि सहा जणींना आकडा हे मला असं लागलं की पहिली वीस मिनिटं मी बॉल सोडून त्या माइककडेच बघत खेळले. आपल्याकडे देवळाच्या जत्रेत नाटकाची नावं पुकारतात तेव्हासुद्धा कुणी डायस पुकारताना नंबर सांगत नाही. तीन-एक हरलो.

रात्री क्लबने जेवण ठेवलेलं. सांत आंतोनच्या फेस्ताचे दिवस, आपल्याकडे 13 जूनला असतं तेच, पण लिस्बनमध्ये त्याचा केवढा दणका, गल्लीगल्लीत कागदी झुरमुळ्या, दारात कोळशाच्या शेगड्या आणि त्यावर, सांगितलं तर पटणार नाही, तारले! आपल्याकडचीच साधी सार्डिन! अख्खे, डोक्यासकट, जाड मीठ लावून भाजलेले, आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून हाताने खायचे. सगळ्या पोरी वेड्या झाल्या. आधीचे सगळे दिवस सुकवलेला बाकल्याव खाऊन आमची तोंडं उतरलेली, समुद्राकाठच्या देशात खारी मासळी आणि तीही पावसाळा नसताना, हे मला शेवटपर्यंत झेपलं नाही. शाकाहारी दोघी होत्या त्यांचे मात्र हालच, सूप हिरवं बघून आनंदाने घेतलं तर तळाशी चोरिसाची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती. टेबलावर बारीक पानांच्या तुळशीसारख्या रोपांच्या कुंड्या होत्या, त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, हाताने कुरवाळायचं आणि हात हुंगायचा, असं त्यांच्या कॅप्टनने शिकवलं.

तर तिथे ते माइकवाले काका माझ्यासमोर येऊन बसले. मी तारल्याचा काटा काढण्यात गुंग असल्याचं नाटक केलं. ते त्यांच्या कॅप्टनशी बोलत होते, ती आम्हाला इंग्लिशमध्ये सांगत होती. काकांचा थोरला भाऊ सैन्यात होता, सक्तीच्या भरतीतला, विशीतला पोरगा, त्याला गोव्याला पाठवलेलं. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा तो कैद झाला आणि परत आला तो पुढच्या वर्षी मे महिन्यात. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम होता की शरण यायचं नाही, शेवटपर्यंत लढायचं. गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा यांनी तो मानला नाही, शरणागती दिली, म्हणून ही हजारो पोरं जिवंत राहिली, आणि त्याबद्दल त्या जनरलना नंतर सैन्यातून काढून टाकलं. घरी परतलेल्या पोरांचं स्वागत वगैरे काही नाही, हरून आलेले म्हणून बघायचे लोक. काकांची आई मात्र मरेपर्यंत त्या जनरलच्या नावाने मेणबत्ती लावायची.

आता यावर काय बोलायचं असतं? एकोणीस डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, म्हणजे आमच्यासाठी शाळेत झेंडावंदन, भाषण, लाडू. माझे आजोबा सांगायचे, त्या दिवशी गावात चूल पेटली नाही कुणाची, सगळे रस्त्यावर, नाचत. त्याच दिवशी ह्यांच्या घरी पोरगा जिवंत आहे का नाही ते कळायला मार्ग नव्हता. मला सॉरी म्हणावंसं वाटेना, आणि का म्हणू, पण गप्प बसणंही जमेना. शेवटी मी त्यांच्या ताटात एक तारला वाढला. त्यांचाच तारला, त्यांच्याच शेगडीवरचा.

मग त्यांनी विचारलं, तुमच्यात पोंडाची कुणी आहे का? भावाला पोंडाच्या छावणीत ठेवलेलं. फोंड्याची म्हणजे आमची नाईक. ती बिचारी घाबरून पुढे आली. छावणी कुठे होती, आता तिथे काय आहे, त्यांना ऐकायचं होतं. नाईकला काहीच माहीत नाही. कुणाला माहीत असतं? मग ती तिच्या शाळेच्या पोर्तुगीजमध्ये जे येईल ते सांगायला लागली, फोंड्यात बाजार आहे, बस आहेत, खूप गाड्या आहेत, देवळं आहेत, मला दोन भाऊ आहेत. काका सगळ्याला मान हलवत होते. दोन भाऊ म्हटल्यावर तर फारच.

उठताना त्यांनी खिशातून तोच यादीचा चुरगळलेला कागद काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी माझं आडनाव तुकडे पाडून लिहून दिलं, मग गावसने, मग पर्येकरने, त्यावर तारल्याचं तेल लागलं. काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत शेगडीकडे गेले. त्यांच्या कॅप्टनने नंतर सांगितलं की ते रात्रभर लोकांना अडवून ‘शेत-गांव-कार’ म्हणून दाखवत होते.

शेवटच्या मॅचला त्यांनी अकराच्या अकरा नावं पुकारली. नाईकचं ‘नाइकी’ झालं, बुटांच्या कंपनीसारखं, आणि माझं मधलं अक्षर गळालं, तरी मी हात वर केला. दोन-एक हरलो, आमचा एकमेव गोल अर्थातच फर्नांडिसने मारला, आणि वाड्यावरच्या त्या आजीबाई मैदानात येऊन तिची पापी घेऊन गेल्या.

परतीच्या बसमध्ये पासपोर्टवरून भांडण झालं. 1961 आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि आमच्या टीममध्ये तिघींच्या घरी फाइल चालू आहे, त्यातली एक शेटगांवकर नसली तरी पेडण्याचीच. एक म्हणाली आजोबांनी ज्यांना घालवलं त्यांच्याकडेच जायचं का, दुसरी म्हणाली आधी इथे नोकरी दाखव मग बोल. मॅडम म्हणाल्या गप्प बसा. कुणी बसलं नाही, विमानतळ येईपर्यंत चाललं.

मोपाला उतरलो तर धो धो पाऊस. आईने बॅग हातात घ्यायच्या आधी विचारलं, जेवायला काय काय होतं? म्हटलं, सगळ्यात भारी तारले होते. ती थांबलीच तिथे. तारले? वर्षभर कुपनं विकून तारले खायला गेली होतीस? मावशीला सांगू नकोस हां.