उद्यम रद्द करून द्या

माझं ऑफिस वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. अशील बहुतेक मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले, लेथवाले नाहीतर फॅब्रिकेशनवाले. पैसे अडकले की येतात. ऑर्डरवर सही करण्याआधी ती वाचून घ्यायला कुणी येत नाही. तेवढ्याचे पाचशे रुपये जड वाटतात.

परवाच्या काकांची मागणी मात्र वेगळीच होती. "ताई, उद्यम नोंदणी रद्द करून द्या." उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी.

मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याने सुनावलं होतं, "उद्यम कॅन्सल करावी दो, काका, पछी ओर्डरनी वात." म्हणजे आधी रद्द करा, मग ऑर्डरचं बोलू.

यामागचं गणित सरळ आहे. या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकवावे लागतात, लेखी करार नसेल तर 15. ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरात '90 दिवस' छापलं तरी ते चालत नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्याला कोणी भीक घालत नव्हतं. मग 2023 च्या वित्त कायद्याने मेख मारली: मुदत चुकली की तो खर्च, पैसे चुकते होईपर्यंत, आयकरात वजा मिळत नाही. आता साहेबलोक जागे झाले. पण वेळेवर पैसे देण्यापेक्षा नोंदणी नसलेला माणूस गाठणं त्यांना सोपं वाटतं.

काकांची फाइल बघून मी चाटच पडले. प्रत्येक बिलाला माल पोचवल्याचं चलन टाचलेलं, चलनावर गिऱ्हाइकाच्या गेटचा 'इनवर्ड' शिक्का, तारीख, वॉचमनची सही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. सहा महिन्यांनी 'साइज आउट होती' म्हणायची सोयच उरत नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे कागद मी पाहते. इतके नीटनेटके क्वचितच असतात. वर अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं, तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

"जिंकू हो," काका म्हणाले, "पण सोमवारी मशीनवर काय लावू? निम्म्याहून जास्त काम त्यांचंच."

याला माझ्याकडे कलम नाही. रद्द करू नका, एवढं बजावलं, आणि थकलेल्या बिलांच्या तारखांसह साधं स्मरणपत्र लिहून दिलं. व्याजाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, सौम्य.

काकांनी ते दोनदा वाचलं. "माझ्या लेटरहेडवर काढा, ताई. वकिलाचं नाव दिसलं तर तेवढ्यावरून बिनसेल."

तसं काढून दिलं. नोंदणीचं अजून त्यांनी काही ठरवलेलं नाही.